शस्त्रक्रियेची तारीख : एका न मोजलेल्या रांगेविषयी

पाणवठा, मंदिर, शाळा, नोकरी आणि जमीन या जागी कोणाला थांबवले गेले, याचा हिशेब आपल्या चळवळीने पुष्कळ मांडला आहे. दवाखान्याच्या दारात कोण थांबतो, किती दिवस थांबतो आणि का थांबतो, याचा हिशेब मात्र त्या मानाने कमी मांडला गेला. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी शिकवताना हा प्रश्न वर्गात येऊन उभा राहतो. एखादा विद्यार्थी परीक्षेला गैरहजर असतो. विचारले तर कळते की आईच्या ऑपरेशनची तारीख होती आणि ती पुन्हा पुढे गेली. आजार कळलेला आहे, त्यावरचा उपाय डॉक्टरांनी सांगितलेला आहे, उपाय करणारी इमारतही उभी आहे. नाही ती फक्त तारीख. या नसलेल्या तारखेमागे काय आहे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या असतात. अपघात, अडलेली बाळंतीण, फुटलेले अपेंडिक्स या तातडीच्या. मोतीबिंदू, हार्निया, पित्ताशयातील खडे, अंग बाहेर येणे, झिजलेला खुबा या ठरवून करायच्या. तातडीचा रुग्ण आला की ठरलेला रुग्ण मागे सरतो, आणि ते योग्यच आहे. पण जेथे टेबल एक, सर्जन एक आणि भूलतज्ज्ञ दोन तालुक्यांत मिळून एक, तेथे ठरलेला रुग्ण दरवेळी मागेच सरत राहतो. शस्त्रक्रिया हे एकट्या सर्जनचे काम नव्हे. भूल देणारा, परिचारिका, रक्ताची सोय, तपासणीची प्रयोगशाळा, निर्जंतुक केलेली हत्यारे हे सारे एकाच दिवशी एकाच जागी असावे लागते. यातले एक नसले तरी तारीख पुढे जाते; आणि रुग्णाला कारण सांगितले जाते ते एवढेच, ‘पुढच्या आठवड्यात या.’

ही टंचाई आभाळातून पडलेली नाही. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचे एक रुग्णालय असावे, असे तिच्या दूरच्या योजनेत होते. आजचे सरकारी मानक सपाटीच्या भागात सुमारे एक लाख वीस हजार लोकांमागे ३० खाटांचे एक ग्रामीण रुग्णालय असे आहे. स्वातंत्र्यापूर्वी पाहिलेले स्वप्न स्वातंत्र्यानंतर किती आकसले, हे या दोन आकड्यांवरून कळते. आणि त्या ३० खाटांजवळ सर्जन असतोच असेही नाही. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीप्रमाणे देशातील अशा केंद्रांत गरजेच्या तुलनेत सर्जनची तूट ८३ टक्क्यांहून अधिक होती. म्हणून जिंतूरचा रुग्ण परभणीला पाठवला जातो, परभणीचा नांदेडला किंवा जालन्याच्या पलीकडे घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) शासकीय रुग्णालयात. जिंतूरला रेल्वे नाही. प्रत्येक ‘रेफर’ म्हणजे दोन माणसांचे एस.टी.चे भाडे आणि दोन माणसांची बुडालेली रोजंदारी. परभणीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण महाविद्यालयाची पाटी लागणे आणि गोरगरिबाला टेबल मिळणे यांत बरेच अंतर असते.

रांग लांबवणारे दुसरे कारण खुद्द गरिबीत आहे. भूल देण्यापूर्वी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन पाहतात. मजूर बाईचे रक्त कमी भरते आणि तिला परत पाठवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे उपासमारीने एकदा आजारी पाडले आणि त्याच उपासमारीने उपचाराच्या दारातून परत फिरवले. तिसरे कारण कागदांचे. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरे. योजनेची मंजुरी अडते. चौथे कारण कामाच्या हंगामाचे. दिवाळीनंतर कोयता घेऊन टोळीबरोबर गेलेल्या बाईला माघ महिन्यातली तारीख मिळाली तर तिने मुकादमाची उचल कशी फेडायची? ती तारीख चुकवते आणि दवाखान्याच्या वहीत ‘रुग्ण आला नाही’ अशी नोंद होते. दोष तिच्या नावावर जमा होतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील आडतीवर पोती उचलण्याचे काम करीत. त्यांना हार्निया झाला तेव्हा एका सरकारी दवाखान्यात तीन वेळा तारीख दिली गेली आणि तीनही वेळा ती तोंडी होती. त्या महिन्यांत त्यांनी पोती उचलणे थांबवले नाही, कारण थांबले तर चूल थांबत होती. ज्या कामाने आजार वाढतो तेच काम करीत आजाराच्या उपचाराची वाट पाहायची! नोकरदार माणूस पगारी रजेवर वाट पाहतो. मजूर अंगावर वाट पाहतो. एकाच वहीत दोघांची नावे असली तरी त्यांची रांग एक नसते. त्यात ओळख हा आणखी एक भाग. ज्याचा मेहुणा कार्यालयात आहे, ज्याच्यासाठी पुढाऱ्याचा फोन येतो, त्याची तारीख लवकर येते. आपल्या समाजात ओळखी जातीच्या नळातूनच वाहतात. त्यामुळे कोणी जात विचारली नाही तरी जातीचा परिणाम होऊन जातो.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. ती १९२९ साली ‘यंग इंडिया’त पत्ररूपाने आली होती. बाळंतपणानंतर त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. आल्यावरही त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. ती वाचली नाही. आज थर्मामीटर असा हातोहात फिरत नाही, हा बदल मोठा आहे आणि तो लढून मिळवलेला आहे. परंतु तेव्हाचा नकार उघड होता, म्हणून त्यावर बोट ठेवता येत होते. आजचा नकार ‘नंतर या’ या शब्दांत येतो. त्यावर बोट ठेवण्यासाठी नोंद लागते.

येथे कोणी म्हणेल की देश गरीब आहे, सर्जन कमी आहेत, रांग लागणारच. मग आठवावे लागते की १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. नसबंदी ही लहान शस्त्रक्रिया आहे, तिला मोठी भूल लागत नाही, हे खरे. तरीही तेव्हा डॉक्टर होता, टेबल होते, माणसाला आणायला गाडीही होती. दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या बीडचे. २०१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, बहुतेक खाजगी दवाखान्यांत. यातल्या कित्येकींना तो उपाय खरोखर हवा होता का, हाच प्रश्न होता. अर्थ असा की ज्या शस्त्रक्रियेत सरकारचे उद्दिष्ट किंवा कोणाचा नफा असतो, तिची तारीख लांबत नाही. लांबते ती फक्त रुग्णाला हवी असलेली शस्त्रक्रिया.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून आहे. तेथेही रांगा आहेत. २०२३ मध्ये रांगेतल्या नोंदी ७० लाखांच्या पुढे गेल्या होत्या. पण १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावा असे तेथे मानक आहे, आणि ते किती पाळले गेले याचे आकडे दर महिन्याला छापले जातात. त्यावरून सरकारला जाब विचारता येतो. आपल्या जिल्ह्यात हार्नियासाठी किती माणसे किती दिवसांपासून थांबली आहेत, हे गावातल्या माणसाला वाचता येईल अशा रीतीने कोणी दर महिन्याला छापत नाही. जे मोजले जात नाही त्याची तूट अंदाजपत्रकात दिसत नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी लेखी निवेदने मांडली. दुःख आकड्यांत आणि कागदावर आणल्याखेरीज सत्ता ते ऐकत नाही, हा धडा त्यात आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे? पहिले काम रुग्णाजवळ. आजाराचे नाव, सांगितलेली शस्त्रक्रिया, तातडीची की ठरवून करायची आणि दिलेली तारीख, ही चार वाक्ये केसपेपरवर लिहून मागावीत. थांबण्याच्या काळात रक्तवाढीच्या गोळ्या, रक्तदाब-साखरेचे उपचार चालू ठेवावेत. बिडी-तंबाखू महिनाभर आधी सोडली तर जखम बरी भरते. हार्नियाची गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर ती तातडीची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तारखेची वाट पाहू नये. खड्यांच्या रुग्णाला थंडी-ताप वा कावीळ झाली, मोतीबिंदूचा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तरीही तेच.

दुसरे काम हक्काचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांसाठी खाजगी रुग्णालयांतही चालते. तेथे आरोग्यमित्र असतो आणि चौकशीचा क्रमांक १५५३८८ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. हकीम शेख हा पश्चिम बंगालमधला शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, अनेक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवले. त्याच्या शेतमजूर संघटनेने दावा लावला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. तो निकाल शेतमजुरांच्या संघटनेने मिळवला, ही गोष्ट विसरू नये.

तिसरे काम रांग मोजण्याचे. एका तालुक्यातल्या दहा गावांत दहा मुलांनी एकेक वही घालावी. रुग्णाच्या संमतीने आजार, पहिली तारीख, पुढे ढकललेल्या तारखा, सांगितलेले कारण, बुडालेली मजुरी एवढे लिहावे. नाव बाहेर फोडू नये. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची किती पदे मंजूर, किती भरलेली, हे माहिती अधिकारात विचारावे. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे जे काम झाले, त्याच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत आपल्या मराठवाड्यातला तेव्हाचा उस्मानाबादही होता. जनसुनवाईत डॉक्टर आणि गावकरी समोरासमोर बसू शकतात हे त्यातून दिसले. रात्रभर जागलेल्या निवासी डॉक्टरवर हात उगारण्याने रांग कमी होत नाही. तोही याच टंचाईत राबणारा माणूस आहे. जाब विचारायचा तो पदे रिकामी ठेवणाऱ्यांना.

उपचारासाठी थांबावे लागेल, हे काही काळ तरी खरे राहील. परंतु किती थांबायचे, कोणत्या क्रमाने थांबायचे आणि कोणी ठरवायचे, हे आपल्या नशिबात लिहिलेले नाही. ते मंत्रालयात आणि जिल्ह्याच्या कचेरीत लिहिले जाते. ज्या वस्तीला अक्षर नाकारले गेले होते तिच्या मुलामुलींच्या हाती आज लेखणी आहे. तिने आपल्या आईबापाच्या तारखा लिहून ठेवाव्यात, आणि त्या वह्या घेऊन कचेरीत जावे.