दिवा लागला, म्हणजे वायरिंग बरोबर?

श्रोतेहो, आजचा विषय वरकरणी माझा वाटणार नाही. घरातलं वीजकाम सुरक्षित आहे, असं लिहून देण्याचा अधिकार कोणाला, हा तो विषय. पण मुळात हा प्रश्न प्रमाणांचा आहे. जे आपल्याला स्वतःला तपासता येत नाही, त्याबाबत कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

आता बघा. नव्या पॉइंटचं बटण दाबलं, दिवा लागला. आपण म्हणतो, काम झालं. पण अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नसली तरी दिवा लागतो. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी लागतो. अशा वेळी बटण बंद केल्यावर न्यूट्रल तुटतो आणि होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. बल्ब बदलायला गेलेल्याला शॉक बसतो तो त्यामुळे. म्हणजे इथे आपलं प्रत्यक्ष अपुरं पडतं आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं.

न्यायदर्शनात अशा विश्वासार्ह माणसाला ‘आप्त’ म्हणतात. नातेवाईक नव्हे हं! न्यायभाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने सांगितलेली अट अशी की, त्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. नुसत्या मानाने कोणी आप्त होत नाही.

आता कायद्याकडे येऊ. 1956च्या भारतीय वीज नियमांतला 45वा नियम, पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010चे आणि 2023चे सुरक्षा विनियम, या सगळ्यांची चौकट तीच आहे. काम राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या कंत्राटदाराने घ्यायचं. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरची थेट देखरेख हवी. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. सूट आहे ती बल्ब, पंखा, फ्यूज, बटण अशा वस्तू बदलण्यापुरती, आणि तीही वायरिंगची क्षमता व स्वरूप बदलत नसेल तरच.

ही शेवटची अट महत्त्वाची. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींची वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशोबाने झालेली. तिथे 2000 वॅटचा गिझर बसवला की तो एकटा जवळजवळ 9 अँपिअर खेचतो. वर एसी आला. त्यासाठी नवा पॉइंट काढणं म्हणजे वस्तू बदलणं नव्हे, ते वायरिंगमध्येच भर घालणं झालं. ते ‘ओळखीच्या मुलाचं’ काम राहत नाही.

मग आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, परवाना मिळाला, की पुरे का? नाही. परवाना त्या माणसाबद्दल सांगतो की त्याला हे काम येतं. तुमच्या भिंतीतल्या तारेबद्दल तो काहीच सांगत नाही. ते सांगतो टेस्ट रिपोर्ट, आणि त्यासाठी मोजावं लागतं. काम एकाने केलं आणि घर न पाहता सही दुसऱ्याने ठोकली, तर काय होतं? ज्याने पाहिलं तो उत्तरदायी नाही आणि जो उत्तरदायी आहे त्याने पाहिलेलं नाही. असा कागद मीटर मिळवून देईल, पण तो आप्तवाक्य नव्हे. यात दोष आपलाही आहे. आपण सही-शिक्का मागतो, आकडे मागत नाही.

तेव्हा आकडे मागा. मेगर लावून 500 व्होल्ट डीसीवर एक मिनिट चाचणी केली का? इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगओहम आला का? अर्थिंग मोजलं का, किती आलं? फेज बटणातूनच जातो ना? 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय का? असेल तर त्याचं टेस्ट बटण समोर दाबून दाखवायला सांगा. परवाना पाहायला मागताना संकोच नको, त्यात अपमान कसला? आणि ज्याने मोजलं, त्याचीच सही घ्या. ज्याने खरंच मोजलंय, तो या प्रश्नांवर चिडणार नाही, वही काढून आकडे दाखवील.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.