वालधुनीतला मासा घरात आणावा का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून विहारातून घरी आलो तो मोरीत बादलीभर मासे. भाच्याने आणलेले. काळे, मिशीवाले, हातभर लांब आणि अजून वळवळणारे. स्वारी खुशीत होती. "मामा, नाल्यावर पोरं गळ टाकून बसतात. तासाभरात एवढे मिळाले, एक पैसा खर्च नाही." घरात मात्र दोन तट पडले होते. पत्नी म्हणत होती, माशाला रॉकेलसारखा वास येतो, मी शिजवणार नाही. बहिणीचे म्हणणे, हळद-मीठ चोळले की वास जातो. बाजारात मासा विचारायची तरी सोय राहिली आहे का? शेवटी दोघींनी माझ्याकडे पाहिले.

भाचा ज्याला नाला म्हणतो ती वालधुनी नदी आहे. अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरात उगम पावून अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करीत ती कल्याणच्या खाडीला मिळते. अंबरनाथचे इ. स. १०६० मधले शिवमंदिर हिच्याच काठी आहे. म्हणजे एके काळी या पाण्याकाठी माणसे हौसेने येत असली पाहिजेत. आज कारखान्यांचे, कपडे धुण्याच्या धंद्याचे आणि शहरांच्या गटारांचे पाणी तिच्यात येते, आणि काठाला वस्त्या कोणाच्या, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरला टँकरमधून रसायन या नदीत ओतले गेले. त्याच्या वायूने शेकडो माणसांना इस्पितळात न्यावे लागले होते. नदी तीच, आणि मासेही तिच्यातलेच.

भाच्याचा प्रश्न मात्र बिनतोड होता. "पाणी विषारी असतं तर मासे जगले असते का?"

याचे उत्तर मागूर माशाच्या शरीरात आहे. रोहू, कटला यांसारख्या माशांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. मत्स्यजीवनासाठी एका लिटरला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण मंडळाचा निकष आहे. घाण पाण्यात तेवढा उरत नाही आणि हे मासे मरतात. मागूर मात्र पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेऊ शकतो. तेव्हा तो जिवंत आहे यावरून पाणी चांगले ठरत नाही. उलट बाकीचे सगळे संपून तोच उरला असेल, तर पाणी किती बिघडले ते कळते. परदेशी मागूरच्या पालनावर सरकारने बंदी घातली आहे, तरी तो नाल्यांतून पसरलाच. तळाची घाण खाणाऱ्या माशाच्या अंगात शिसे, पारा असे जड धातू साठतात. ते तळून जात नाहीत की चिंच-कोकमाने जात नाहीत. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्यांचा धोका सर्वांत जास्त. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती गप्प झाली. तिची सून त्या वेळी सहा महिन्यांची गरोदर होती.

मासे फेकून दिले. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याचे काय चुकले? गळ टाकून बसण्याचा आनंद मला ठाऊक आहे. वडील पाळीवरून सुटले की रविवारी आम्हा भावंडांना बदलापूरच्या पुढे उल्हास नदीवर नेत. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा मणी आणि तरंगायला मोरपिसाचा देठ. वाम माशाला गांडूळ, मरळला जिवंत बेडकी, रोहूला कणकेची गोळी. उल्हासला भर उन्हाळ्यातही पाणी असते, कारण भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिला मिळते. जूनच्या पहिल्या पावसात शेते आणि ओढे भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. त्याला वलगण म्हणतात. त्या दिवसांत गावोगाव झुंबड उडते. वडील मात्र गाभोळीने पोट फुगलेला मासा सोडून देत. "हिला मारलीस तर पुढल्या वर्षी काय खाशील?" एवढेच म्हणत.

विहारात एका आजींनी मला टोकले होते, पंचशील घेता आणि मासे कसे धरता? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. मला तो पटतो. पोटासाठी चार मासे धरणारा एका बाजूला, नुसती मौज म्हणून धरून काठावर तडफडत ठेवणारा दुसऱ्या बाजूला. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. मग रात्रीच्या अंधारात टँकर ओतणाऱ्याला काय म्हणायचे?

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपली माणसे गेली, परतताना त्यांनी मार खाल्ला. आज पाण्याला हात लावायला कोणी अडवत नाही, पण हात लावावा असे पाणीच आमच्या वस्तीपाशी नाही. म्हणून नुसते हळहळून बसू नये. पाण्याचा रंग बदलला, मासे उलटे तरंगू लागले, तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवावी, फोटो काढावा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. एका कारकुनाचा सल्ला ऐका: आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. तोंडी तक्रारीचे काय होते ते आम्ही रोज बघतो.

पुढच्या रविवारी भाच्याला पहाटेच्या गाडीने नेरळकडे नेले. दुपारपर्यंत दोन शिंगट्या लागल्या, वीतभर लांबीच्या. शिंगटीचा काटा बोटात घुसून भाचा कळवळला, तेवढाच त्या दिवशीचा मोठा प्रसंग. बहिणीने रात्री कालवण केले. रस्सा अंमळ जास्तच करावा लागला, कारण खाणारी सात माणसे होती.