टोन आली म्हणजे फोन सुरू झाला?

"टोन येतेय ना? मग झालं काम." ऑफिसात नवी टेलिफोन यंत्रणा बसली की हे वाक्य ठरलेलं. बसवणारा माणूस रिसीव्हर उचलून साहेबांच्या हातात देतो, साहेब कानाला लावून मान हलवतात, चलनावर सही होते आणि तो संध्याकाळच्या गाडीने परत जातो. नंदुरबारची मिरचीची पेढी असो, शहाद्याचा दवाखाना असो की धडगावची आश्रमशाळा, सगळीकडे हेच. आता हे वाक्य ऐकलं की चीड येते. टोन आल्यावर तर चाचणी सुरू व्हायला हवी, आणि आपण तिथे सही करून मोकळे होतो.

आधी ही टोन येते कुठून ते पाहा. बहुतेकांना वाटतं की कानात येणारी टोन एक्सचेंजची. साध्या लँडलाइनवर ते खरं आहे. पण ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे आपलं घरचं छोटं एक्सचेंज, बसलं की टेबलावरच्या फोनला मिळणारी टोन भिंतीवरचं ते यंत्रच तयार करतं. बाहेरून येणारी लाइन तुटलेली असली तरी ती टोन सुरेल वाजत राहते. आयपी फोनमध्ये तर टोन फोन स्वतःच बनवतो. म्हणजे साहेबांनी ऐकलेल्या टोनमधून एवढंच कळतं की यंत्रापासून टेबलापर्यंत दोन तारा जोडल्या आहेत. त्या नीट जोडल्या आहेत का, बाहेरचा कॉल आत येतो का, आतला बाहेर जातो का, दोन्हीकडे आवाज पोचतो का, वीज गेली तर काय होतं, यातलं काहीही त्या टोनवरून समजत नाही.

तारांचंच घ्या. तारा जोडायच्या क्रोनच्या पट्टीवर तार टूलने नीट न दाबता स्क्रू-ड्रायव्हरने खुपसली, तरी टोन येते. डबीतला जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळली, तरी येते. टोनला फार थोडा करंट पुरतो. मग जून संपता संपता हवेत ओल आली की खरखर सुरू होते, दुसऱ्याचं बोलणं आपल्या फोनवर ऐकू येतं, आणि दोष मात्र कंपनीच्या लाइनला दिला जातो. हे पहिल्याच दिवशी पकडता येतं, तेही साध्या मल्टिमीटरने. जोडीचं टेबलाकडचं टोक शॉर्ट करायचं आणि यंत्राजवळच्या फ्रेमवर, म्हणजे सगळ्या जोड्या येऊन मिळतात तिथे, रोध मोजायचा. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला साधारण 170 ते 175 ओहम असतो. म्हणजे 100 मीटरच्या जोडीला 17-18 ओहम यायला हवेत. मीटरवर 150 दिसले, तर मध्ये कुठेतरी जोड कच्चा आहे, टोन कितीही स्वच्छ येत असली तरी. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार गळ्यात मारली असेल, तर तीही अशीच उघडी पडते. इन्सुलेशन पाहायला मेगर, म्हणजे जास्त दाबाचा रोधमापक, लावायचा असेल तर दोन्ही टोकांची यंत्रं आधी सोडवून ठेवावीत. मेगरच्या दाबाने ईपीएबीएक्सचं कार्ड जागीच जाऊ शकतं.

मग घंटी. फोन ठेवलेला असताना एक्सचेंजच्या लाइनवर सुमारे 48 व्होल्ट डीसी असतात. रिसीव्हर उचलला की ते उतरून सहा ते बारा व्होल्टच्या आसपास येतात. घंटीसाठी मात्र त्यावर 75 व्होल्टच्या घरातला एसी येतो. जी जोडी टोनला पुरते ती घंटीला पुरेलच असं नाही. म्हणून प्रत्येक एक्स्टेंशनवर बाहेरून कॉल आणून घंटी पूर्ण वाजते का, पहिल्या ठोक्यालाच लाइन उचलली जात नाही ना, हे ऐकावंच लागतं. "एकावर चाललं, म्हणजे सगळ्यांवर चालेल" हे गृहीत धरण्याला काडीचा आधार नाही. प्रत्येक जोडी वेगळी, प्रत्येक पोर्ट वेगळा.

टोनच्या समाधानात हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे कॉल संपणं. समोरच्याने फोन ठेवला हे माणसाला लगेच कळतं. यंत्राला कळायला खूण लागते. साध्या तांब्याच्या ट्रंकवर, म्हणजे बाहेरच्या लाइनवर, ती खूण बहुधा एंगेज टोनची असते. भारतात ही टोन 400 हर्ट्झची, पाऊण सेकंद वाजणारी आणि पाऊण सेकंद थांबणारी. यंत्र आयात केलेलं असेल आणि त्यातली देशाची सेटिंग तशीच परदेशी राहिली असेल, तर त्याला आपली एंगेज टोन ओळखूच येत नाही. कॉल संपून जातो आणि ट्रंक धरलेलीच राहते. दुपारपर्यंत सगळ्याच लाइन अशा अडकतात, गिऱ्हाईकाला दिवसभर एंगेज ऐकू येतं आणि ऑफिसात मात्र सगळे म्हणतात, "आज फोनच नाहीत." तपासायला दोन मिनिटं लागतात: मोबाइलवरून प्रत्येक ट्रंकवर कॉल करायचा, ऑटो अटेंडंटचं, म्हणजे आपोआप फोन उचलणाऱ्या सोयीचं, स्वागत वाजत असताना मोबाइल बंद करायचा आणि ट्रंकचा दिवा विझतो का ते पाहायचं.

आता विजेचं. "लँडलाइनला वीज लागत नाही" ही जुनी समजूत एकेकाळी शंभर टक्के खरी होती. फोनला लागणारी वीज एक्सचेंजच्या बॅटऱ्यांमधून त्याच दोन तारांवरून यायची, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालायचा. मध्ये ईपीएबीएक्स आलं की ते यंत्र घरच्या विजेवर चालतं. तांब्याच्या जागी फायबर आलं की फायबर जिथे येऊन मिळतं ती भिंतीवरची ओएनटी डबी 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. आयपी फोन असतील तर स्विच, राउटर, ओएनटी आणि सर्व्हर ही सगळी साखळी बॅटरीवर हवी. मी पाहिलेल्या एका ऑफिसात यूपीएस चांगल्या दर्जाचा होता, सर्व्हर त्यावर होता आणि ओएनटीचा अडॅप्टर मात्र टेबलामागच्या साध्या सॉकेटमध्ये. वीज गेली की फोनचे पडदे झळकत राहायचे, टोनही यायची, आणि एकही कॉल लागायचा नाही.

म्हणून चाचणी एकच: भर दुपारी, कॉल चालू असताना, ऑफिसचा मेन खाली पाडायचा. कॉल तुटला तर यूपीएसचं काम अपुरं. टिकला तर आपल्याकडे वीज जितका वेळ जाते तितका वेळ तसंच ठेवून पाहायचं. बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये वीज गेली की बाहेरची एक लाइन थेट एका ठरावीक साध्या फोनवर वळवण्याची सोय असते. पण त्या पोर्टवर तसा फोन मुद्दाम लावावा लागतो, आणि तो कोणता हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत असावं लागतं. बॅटऱ्यांबाबत आणखी एक. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर 10 अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीकडून डब्यावर छापलेल्या वर्षांची अपेक्षा ठेवू नये. यंत्राचा मात्र एवढा बाऊ नको. सी-डॉट या सरकारी संस्थेने 1984 नंतर ग्रामीण एक्सचेंज घडवलं तेच वातानुकूलनाशिवाय चालावं म्हणून. सावली आणि खेळती हवा ईपीएबीएक्सला पुरते, चिंता बॅटरीची करा.

एवढा कीस काढतोय त्याचं कारण हा नंदुरबार जिल्हा आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, निम्मा सातपुड्यात. पुण्या-मुंबईत चूक राहिली तर तंत्रज्ञ तासाभरात येतो. इथे तो धुळ्याहून किंवा सुरतेहून यायचा असतो. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावचं ऑफिस कित्येक दिवस त्याच अडकलेल्या ट्रंकसकट बसून राहतं. पहिल्या दिवशी दोन तास जास्त घालवणं इथे कितीतरी स्वस्त पडतं. त्या दोन तासांचा कागदही साधा असतो. एकेका एक्स्टेंशनची एक ओळ, आणि पुढे रकाने: रोध, बाहेर कॉल, आत कॉल, घंटी, दोन्हीकडे आवाज, ट्रान्स्फर, होल्ड. सगळ्या खुणा झाल्यावर सही. बसवणारा कुरकुरला तर कुरकुरू द्या. चांगला कारागीर कुरकुरत नाही, तो स्वतःच असा कागद घेऊन येतो.

बाकीचे गैरसमज भराभर घेऊ.

"शून्याला लॉक लावला की बिल आटोक्यात." पूर्वी हे चालायचं. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. नंदुरबारचा कोड 02564, शहाद्याचा 02565, म्हणजे शेजारच्या तालुक्यालाही शून्य लागतोच. लाइन घ्यायला एक शून्य आणि नंबराआधी दुसरा. जुन्या सवयीने दुसऱ्या शून्याला बंदी घातली तर ऑफिसातून मोबाइलच लागणार नाही. बंदी घालायची ती परदेशी कॉलच्या 00 वर.

"एक्स्टेंशनचे नंबर कुठूनही सुरू केले तरी चालतात." नाही, कृपा करून 101 पासून सुरू करू नका. 101 अग्निशमन, 108 रुग्णवाहिका, 112 आपत्कालीन मदत. ऑफिसात कुणी कोसळला आणि घाबरलेल्या माणसाने 108 फिरवला, तर घंटी स्टोअरच्या टेबलावर वाजेल आणि तिथे जेवणाची सुट्टी असेल. नंबर 201 किंवा 301 पासून द्या आणि 101, 108, 112 हे तिन्ही नंबर शून्य न लावता थेट बाहेर जातील असं प्रोग्रॅमिंग करून घ्या. त्यांना उगाच चाचणीचे कॉल करून त्यांचा वेळ घेऊ नये. सेटिंग झालंय हे स्क्रीनवर दाखवून घ्यावं.

"वीस माणसं, म्हणजे वीस लाइन." डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने 1909 पासून याचा हिशोब मांडायला सुरुवात केली. गर्दीच्या तासात वीस जण प्रत्येकी तीन मिनिटं बाहेर बोलले तर एकूण साठ मिनिटं होतात. त्याला चार लाइन घेतल्या तर शंभरात एक-दोन कॉलना एंगेज मिळतो. पाचवी घेतली की तेही जवळपास संपतं.

"नेट शंभर एमबीपीएस आहे, मग आवाज तुटेलच कसा?" नेहमीच्या दर्जाच्या एका आयपी कॉलला एका दिशेला शंभर केबीपीएससुद्धा पुरतात. आवाज तुटतो तो पॅकेट हरवल्याने आणि उशिरा पोचल्याने. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.114 शिफारस आहे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच लाइनवरून वर जात असेल तर शंभर एमबीपीएस असूनही बोलणं तुटेल. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्या. आणि बोलणं एकाच बाजूला ऐकू येत असेल तर वेगाकडे पाहू नका, राउटरची पत्ता बदलण्याची सेटिंग तपासा.

"न्यूट्रलला जोडलं की झालं अर्थिंग." हा गैरसमज जीवघेणा आहे. न्यूट्रल कुठे सुटला तर यंत्राच्या अंगावर पूर्ण दाब येतो. अर्थिंग स्वतंत्र हवं, आयएस 3043 या भारतीय संहितेप्रमाणे. उघड्यावरून येणाऱ्या लाइनवर विजेच्या लोळापासून वाचवणारे गॅस ट्यूबचे मॉड्यूलही हवेत. त्यांची अर्थची तार जोडलेलीच नसेल तर ते नुसते शोभेचे.

"इंटरनेटवरून फोन म्हणजे बेकायदा." परवानाधारक कंपनीकडून घेतलेली सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोनची लाइन, कायदेशीर आहे. इंटरनेट टेलिफोनीचा मार्ग दूरसंचार विभागाने 2018 साली मोकळा केला. गुन्हा आहे तो परदेशी कॉल इंटरनेटने आणून सिम बॉक्समधून स्थानिक कॉल म्हणून सोडण्याचा. यंत्र घेताना मात्र दूरसंचार विभागाच्या टीईसीचं प्रमाणपत्र मागा, 1 ऑक्टोबर 2019 पासून ईपीएबीएक्सला ते सक्तीचं आहे.

"नंदुरबारातलं आमचं एवढंसं ऑफिस कोण हॅक करणार?" शोधणारा माणूस नसतो, प्रोग्रॅम असतो. तो इंटरनेटवरचे पत्ते ओळीने ठोठावत जातो, ज्या यंत्राचा पासवर्ड कारखान्यातलाच राहिलाय तिथे शिरतो आणि रात्रीतून महागडे परदेशी कॉल करतो. बिल तुमच्या नावावर येतं. बसवणारा निघण्यापूर्वी पासवर्ड त्याच्यासमोर बदला, प्रोग्रॅमिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि कोणती जोडी कोणत्या टेबलाला जाते याचा कागद फ्रेमच्या झाकणाला आतून चिकटवून घ्या. मग चलन पुढे करायला सांगा.