नाव घेऊन सांगूया!

आमच्या अष्टमीत आयांच्या बैठकीत मी हा विषय काढला, की आधी पदर तोंडाला जातो. ‘‘अहो ताई, वेळ आली की कळेल तिला!’’ पण मैत्रिणींनो, कळणार कसं? पाळीला आपण म्हणतो ‘कावळा शिवला’, ‘अडचण आली’. रक्त दिसलं की पोर घाबरते, आजार समजून लपवते.

मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ व्या वर्षी सुरू होतात. छाती वाढू लागल्यावर दोनेक वर्षांनी पाळी येते. म्हणजे सांगायला वेळ हाताशी असतो.

आणि मुलगे? ९ ते १४ व्या वर्षी त्यांचेही बदल सुरू होतात. पुढे आवाज फुटतो, कधी झोपेत वीर्य बाहेर येतं. त्याला नाव काय, तर ‘स्वप्नदोष’! यात दोष कसला? पण त्या एका शब्दाने मुलगा मनातून खचतो आणि भिंतीवरच्या जाहिरातीतला वैद्य गाठतो.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हे विषय उघड मांडले. आपल्याला तर फक्त घरात बोलायचंय. तांदूळ निवडताना, सहज. मुलीशी बोला, मुलाशीही बोला. आणि आधीच बोला!