जुनी मोटार : घरी दुरुस्त करावी की मिस्त्रीकडे न्यावी?

आमच्या हिंगण्यात पूर्वी मोटार म्हटली की पोरे मागे धावत. आता बऱ्याच घरांपुढे मोटार उभी दिसते. त्यांतल्या पुष्कळ जुन्या आहेत. एकाने दहा वर्षे वापरून विकलेली, दुसऱ्याने बेताच्या पैशांत घेतलेली. जुनी मोटार घ्यायला स्वस्त पडते, पण तिला दुरुस्ती लागते. मग प्रश्न पडतो. मिस्त्री सांगेल तो भाव द्यावा की पाना घेऊन आपणच गाडीखाली शिरावे?

हा प्रश्न आमच्या शेजाऱ्यांना मागच्या उन्हाळ्यात पडला. ते भाजीपाला पिकवतात. चाळिशी उलटल्यावर आमच्या रात्रीच्या वर्गात ते लिहायला-वाचायला शिकले. त्यांच्याकडे २००९ सालची मारुती ८०० आहे. ही मोटार १९८३ साली निघाली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरी तिचे सुटे भाग बाजारात मिळतात आणि तिची माहिती असलेले मिस्त्री गावोगाव आहेत.

मे महिन्यात ही गाडी तापू लागली. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसला जातो. शेजारी एका गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रीने झाकण उघडून पाहिले आणि सांगितले, "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागन. साडेबारा हजार." ते दुसऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "रेडिएटर खराब आहे. नवा टाकू. साडेचार हजार." शेजारी संध्याकाळी आमच्याकडे आले.

"गुरुजी, एक म्हणते साडेबारा, दुसरा म्हणते साडेचार. साडेचारवाल्याकडेच टाकू का जी?"

दोन भाव केव्हा ताडून पाहावे?

आम्ही त्यांना म्हटले, "भाऊ, हे दोन भाव एका कामाचे नाहीत. एकाने एक रोग सांगितला, दुसऱ्याने दुसरा. वांग्याचा भाव आणि कांद्याचा भाव ताडून स्वस्त काय ते ठरवता येते का?"

वाचकहो, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्या. काम एकच असेल तरच दोन भाव ताडता येतात. रोगच वेगळा सांगितला असेल, तर आधी रोग कोणता ते ठरवावे लागते. स्वस्त पण चुकीची दुरुस्ती सगळ्यांत महाग पडते. तिचे पैसे जातात आणि मूळचा बिघाड जागच्या जागी राहतो.

रोग ओळखायला मिस्त्रीइतकीच मालकाचीही मदत लागते. गाडी मिस्त्रीजवळ तासभर असते, आपल्याजवळ रोज असते. म्हणून आम्ही शेजाऱ्यांना विचारले, "गाडी केव्हा तापते? चालताना की उभी असताना?"

ते थोडे थांबले. मग म्हणाले, "हिंगण्याहून निघालो तं काही नाही होत. काटा बरोबर राहते. टी-पॉइंटच्या सिग्नलला उभी राह्यली की काटा वर चढते. पुन्हा चालू लागली की खाली येते."

या उत्तरातच अर्धे निदान होते. ते कसे, ते पाहू.

गाडी का तापते?

पेट्रोल जळते तेव्हा इंजिन फार तापते. ते थंड ठेवायला इंजिनाभोवती पाणी फिरत असते. या पाण्यात कूलंट नावाचे औषध मिसळलेले असते. तापलेले पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, येते. तिथे वारा लागून ते निवते आणि परत इंजिनात जाते.

वारा कुठून येतो? गाडी पळत असली की समोरून आपोआप येतो. गाडी उभी असली की वारा नाही. त्यासाठी जाळीमागे विजेचा पंखा बसवलेला असतो. पाणी ठरावीक उष्णतेला पोचले की तो आपोआप सुरू होतो.

आता विचार करा. जाळी आतून तुंबली असती, तर गाडी चालतानाही तापली असती. हेड गॅस्केट गेले असते, तर पाणी सारखे कमी झाले असते आणि बहुधा नळीतून पांढरा धूर निघाला असता. इथे गाडी फक्त उभी असताना तापत होती. म्हणून पहिला संशय पंख्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी सुरू करून उभी ठेवली. काटा चढला, पंखा हलला नाही. लगेच इंजिन बंद केले. गाडीसोबत मिळालेले पुस्तक काढले. त्यात पंख्याचा फ्यूज कोणता ते चित्रासह दिलेले होते. शेजाऱ्यांनी बोट ठेवून वाचले, फ्यूज काढला. आतली तार जळलेली होती.

त्यांनी तितक्याच अंपिअरचा नवा फ्यूज आणून बसवला. पंखा फिरू लागला. शेजारी खूश झाले. पण आम्ही म्हटले, "थांबा. फ्यूज उगाच जळत नाही." आणि झालेही तसेच. दोन दिवसांनी फ्यूज पुन्हा जळला.

अशा वेळी काही जण जास्त अंपिअरचा फ्यूज घालतात किंवा तारेचा तुकडा गुंडाळतात. हे कधीही करू नका. फ्यूज हा पहारेकरी आहे. वीज जास्त ओढली गेली की तो स्वतः जळतो आणि बाकीच्या तारा वाचवतो. पहारेकऱ्याला हटवले तर तारा तापून गाडीला आग लागू शकते.

शेजारी मोटारींचे विजेचे काम करणाऱ्या कारागिराकडे गेले. या खेपेला "गाडी तापते" एवढेच सांगितले नाही. "उभी असताना तापते, पंख्याचा फ्यूज दोनदा जळला," असे सांगितले. कारागिराने पंखा हाताने फिरवून पाहिला. मोटर आत अडकत होती, म्हणून जास्त वीज ओढत होती. मोटर बदलली. मजुरीसह एकोणीसशे रुपये झाले. गाडी तापायची थांबली.

पहिले दोघे मिस्त्री लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी घाईत अंदाज केला. पण त्या अंदाजाचे पैसे शेजाऱ्यांना भरावे लागले असते, आणि रेडिएटर नवा टाकूनही पंखा बंदच राहिला असता.

आमची स्वतःची चूक

या यशाने शेजाऱ्यांना हुरूप आला. ते म्हणाले, "गुरुजी, आता ब्रेकचं कामबी घरीच करतो. मोबाइलवर पाह्यलं मी. सोपं आहे."

तेव्हा आम्ही त्यांना आमची गोष्ट सांगितली. ती सांगायला आम्हाला संकोच वाटतो, पण तुम्हालाही सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुनी मोटार होती. एकदा ब्रेकच्या तेलाची टाकी कमी भरलेली दिसली. घरात एका बाटलीत तेल उरले होते. आम्ही ते ओतले. ते इंजिनाचे तेल होते.

ब्रेकच्या तेलाला तेल म्हणतात, पण ते वेगळेच द्रव असते. आपण पायाने पेडल दाबतो, तो जोर नळ्यांतून चाकापर्यंत पोचवण्याचे काम ते करते. त्या वाटेवर रबराच्या वाट्या असतात. इंजिनाच्या तेलाने हे रबर फुगते. आमच्या गाडीतले रबर फुगले. काही दिवसांनी चाके तापू लागली. आम्ही दुर्लक्ष केले. मग एके दिवशी पुलाच्या उतारावर पेडल दाबले, तर ब्रेक लागलाच नाही. समोरून गुरे येत होती. हाताचा ब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या बाभळीत घातली. आमच्या सौ. शेजारी बसल्या होत्या. खरचटण्यावर निभावले. ब्रेकचे सगळे रबरी भाग बदलावे लागले. हजारो रुपये गेले.

त्या टाकीच्या झाकणावर कोणते तेल घालावे ते स्पष्ट छापलेले होते. आम्ही हेडमास्तर, पोरांना वाचायला शिकवणारे. आम्हाला वाचता येत होते, पण आम्ही वाचले नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला मागाहून कळली. ब्रेकचे तेल कमी होणे हीच एक खूण असते. ब्रेकचे पॅड झिजले असतील किंवा कुठे गळत असेल. नुसते तेल ओतले की ती खूण झाकली जाते.

मग रेघ कुठे ओढायची?

काम सोपे की अवघड, एवढ्यावरून ठरवू नका. तेल ओतण्यासारखे सोपे काम कोणते? तरी त्यात जीव जाण्याची वेळ आली. स्वतःला विचारा, "माझ्या हातून चुकले तर काय होईल?"

चुकले तर गाडी नुसती बंद पडेल, असे काम घरी करायला हरकत नाही. हवेचा फिल्टर साफ करणे किंवा बदलणे, दिव्याचा बल्ब, वायपरचे रबर, फ्यूज, स्पार्क प्लग, बॅटरीची टोके घासणे, ही अशी कामे आहेत.

चुकले तर गाडी थांबणार नाही, वळणार नाही, पेट घेईल किंवा आपल्या अंगावर पडेल, असे काम जाणत्या मिस्त्रीलाच द्या. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची नळी, गॅसचा किट, ही कामे त्यात येतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक सरकतो.

घरच्या कामातही दोन नियम पाळा. बॅटरी काढताना आधी वजा खुणेची तार सोडवा आणि जोडताना ती शेवटी जोडा. म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडणार नाही. दुसरे, गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. प्रेशर कुकरसारखा आत दाब असतो. उकळते पाणी तोंडावर येते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

घरी केलेले काम फुकट असते असेही समजू नका. आपला दिवस मोडतो, त्याची मजुरी धरा. हत्यारे विकत घ्यावी लागली तर तीही धरा. एकदाच लागणाऱ्या हत्यारासाठी हजार रुपये घालण्यापेक्षा मिस्त्रीला तीनशे देणे शहाणपणाचे.

मिस्त्रीशी कसे बोलावे?

मिस्त्रीकडे जाताना बिघाड केव्हा होतो, कसा होतो, ते सांगा. "काय बदलू?" असे विचारण्याआधी "तुम्ही तपासून काय पाहिले?" असे विचारा. खर्चाचा अंदाज कागदावर मागा. त्यात सुट्या भागांची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी लिहायला लावा. विचारल्याशिवाय जास्तीचे काम करू नये, हे आधी सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

बिल घ्या आणि जपून ठेवा. फसवणूक झाली तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. पण तिथे बिल लागते.

मोठा खर्च निघाला, तर गाडीचे वयही पाहा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. नोंदणीचे एकच वर्ष उरले असेल आणि दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीची असेल, तर दहादा विचार करा. चार वर्षे उरली असतील आणि बाकी गाडी धड असेल, तर तोच खर्च महिन्याला थोडाच पडतो.

एक वही ठेवा

शेवटी आम्ही शेजाऱ्यांना एक दोनशे पानी वही दिली. गाडीचे प्रत्येक काम तिच्यात लिहायचे. तारीख, किती किलोमीटर झाले, काय बिघडले, काय बदलले, कुणी बदलले, किती रुपये लागले. पुढच्या वेळी मिस्त्रीला काय सांगायचे ते या वहीत सापडते. गाडीवर वर्षाला किती खर्च होतो, तेही कळते.

त्यांनी पहिल्या पानावर पंख्याची हकिगत लिहिली. त्याखाली दुसरी नोंद केली : "ब्रेक. मिस्त्रीकडून. झाकणावरचं वाचलं." अक्षर जरा तिरके होते, पण शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.