उन्हाळ्यातील कोंबडी
वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्याच्या अखेरीस नवतपा येतो. पारा कधीकधी 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. परसातील कोंबडी तेव्हा चोच उघडून धापा टाकते व पंख अंगापासून दूर धरते. असे का बरे? माणसाप्रमाणे तिला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे 41 अंश असते. हवा त्याहून तापली, म्हणजे श्वासावाटे जाणारी वाफच तिला थंडावा देते. भांड्यातील पाणी संपले, तर ही वाफ होणार कशाची? काही तासांतच कोंबडी दगावू शकते. म्हणून मातीचे परळ सावलीत ठेवून त्यात वरचेवर गार पाणी भरावे. दाणे सकाळी व सायंकाळी घालावेत. कारण अन्नाच्या पचनाने अंगातील उष्णता वाढते. कोंबडीला पाणी मागता येत नाही. तिची तहान आपणच ओळखावी.