धर्माची हरकत आणि नॉमिनीचा रकाना

नातं आणि कायदा : भाग ७

काळेवाडीतून कामगार रोज भोसरी-चाकणच्या कंपन्यांत जातात. त्यांतला एक समजा गेली आठ-दहा वर्षं जोडीदारासोबत भाड्याच्या खोलीत राहतो. दोघंही पुरुष. घरमालकाला ते आतेभाऊ-मामेभाऊ म्हणून माहीत. पीएफचा नॉमिनेशनचा अर्ज भरताना त्याला जोडीदाराचं नाव लिहायचं आहे. पण पीएफच्या योजनेत पुरुष सभासदाचं कुटुंब म्हणजे मुख्यतः बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील. यांतलं कुणीही असेल तर बाहेरच्याला नॉमिनी करता येत नाही. गावाकडची आई याच्याच पैशांवर जगत असेल, तर जोडीदाराचं नाव लिहूनही उपयोग नाही. ईएसआयच्या दवाखान्यातही तो जोडीदार कुटुंबात मोडत नाही.

३७७ कलमाचा निकाल आपण मागच्या भागात पाहिला. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही, हक्क मात्र मिळाले नाहीत. समलिंगी विवाहाला मान्यता मिळावी म्हणून झालेल्या याचिकांवर एप्रिल-मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे दहा दिवस सुनावणी चालली. विरोधात जमियत उलेमा-ए-हिंद उभी राहिली आणि अखिल भारतीय संत समितीही. त्याआधी मार्चमध्ये संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी सांगितलं होतं की विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सप्तपदी कुणाची करायची, निकाह कुणाचा लावायचा, हे त्या त्या धर्मानं ठरवावं. भटजी, काझी, पाद्री यांच्यावर सक्ती नको, आणि तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताही. व्यक्तिगत कायद्यांना हात लावणार नाही, हे न्यायालयानं सुरुवातीलाच स्पष्ट केलं. चर्चा राहिली ती मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची.

हा कायदा जरा जवळून पाहू. विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत ३० दिवस नोटीस लागते आणि कुणीही हरकत घेऊ शकतो. पण हरकत कशाची? वय कमी आहे, आधीचा जोडीदार हयात आहे, नातं निषिद्ध आहे, संमती देण्याइतकी मनःस्थिती नाही, एवढ्याच कारणांची. ‘आमच्या धर्मात बसत नाही’ असं कुणी लिहून दिलं, तर त्या कायद्यापुढे ती हरकतच ठरत नाही. आंतरधर्मीय जोडप्यांना याच दारातून आत येता आलं. मग समलिंगी जोडप्यांपुरता धर्माचा नकार या दाराशी का ऐकायचा?

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं तो नकार उचलून धरला, असं म्हणणं चुकीचं होईल. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायद्याचे शब्द बदलणं संसदेचं काम, इथवर पाचही न्यायमूर्ती एकत्र होते. विवाहाऐवजी नागरी जोडीदारी आणि दत्तक यांवर मात्र ते तीन विरुद्ध दोन असे विभागले, आणि तेही गेलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. आता धर्मसंस्थांचं वजन पडेल ते संसदेत.

महाराष्ट्रानं अशी हरकत पूर्वी पाहिली आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्याला जवळपास ३७ वर्षं झाली होती, तरी मुरूडनं त्यांच्यावर बहिष्कार घातलाच. गावाला त्यांना पंगतीतून उठवता आलं. पण गोदूबाईंचं पत्नी म्हणून कायद्यातलं स्थान काढून घेणं कुठल्याही धर्मसभेच्या हातात नव्हतं. काळेवाडीतल्या त्या दोघांना निदान एवढं तरी मिळायला हवं. समाजानं जेवायला बोलवावं की नाही, हे समाज ठरवेल. पीएफ कुणाला मिळावा, हे त्यानं ठरवू नये.

निकालानंतर केंद्रानं कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ मध्ये काही सूचना निघाल्या: रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एका घरातलं समजावं, संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराला मिळावा. नातेवाईक उपलब्ध नसतील तर! वीस वर्षांचा संसार असला, तरी दोन दशकं न भेटलेला भाऊ दारात उभा राहिला की जोडीदार मागे सरणार.

आता लक्ष मुंबई उच्च न्यायालयाकडे आहे. एका समलिंगी जोडप्यानं तिथं प्राप्तिकराचा मुद्दा नेला आहे: नवरा-बायकोनं एकमेकांना दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, यांच्यात मात्र ती वर्षाला ५०,००० रुपयांपुढे गेली की घेणाऱ्याचं उत्पन्न ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. दत्तकाचा मुद्दा मोठा आहे, तो पुढच्या भागात घेऊ.